सुट्टी घेणारा रोबोट

सहा महिने आमच्या घरात बाप-लेकीचा अबोला होता, आणि निरोप पोचवायचं काम माझ्याकडे होतं. "मम्मी, पप्पांना सांग, गॅसवाला येऊन गेला." "नीला, तिला म्हणावं, ऐकलं." काळेवाडीत दोन खोल्यांचं आमचं घर. दोघं चार हातांवर बसलेली, एकमेकांचा श्वास ऐकू येईल एवढ्या अंतरावर, आणि मधे मी. एकदा मी ब्लाउजला टाचण्या लावत होते, तोंडात सहा टाचण्या धरलेल्या. तरी दोघं माझ्याच तोंडाकडे बघत बसली, मी टाचण्या काढून निरोप सांगावा म्हणून. मी काढल्याच नाहीत. म्हटलं बसा दोघं तशीच, चहा थंड होऊ दे.

झालं काय होतं ते सांगते. आमचे हे, जयसिंग, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत इन्स्पेक्शनला आहेत. कंपनी आधी भोसरीत होती, मग चाकणला गेली, हेही तिच्यामागे चाकणला गेले. एकतीस वर्षं झाली. त्यातली पहिली नऊ वर्षं कंत्राटात गेली, आज आहे उद्या नाही अशी. पर्मनंटचं लेटर हातात आलं तेव्हा ते घरी यायच्या आधी विहारात गेले, बाबासाहेबांच्या फोटोसमोर लेटर ठेवलं आणि मगच मला दाखवलं. त्यामुळे पर्मनंट हा शब्द आमच्याकडे साधा नाही. मैत्री, आमची एकुलती एक, तिचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा झाला तेव्हा ह्यांनी तिला त्याच कंपनीच्या ऑफिसात चिकटवली. आयुष्यात कोणापुढे मान न वाकवणारा माणूस, पण लेकीसाठी साहेबांच्या केबिनबाहेर पाऊण तास उभा राहिला. दोन वर्षांनी पोरीला पर्मनंटचं लेटर मिळालं. आणि आठव्या दिवशी तिने राजीनामा दिला.

"मला वेबसाइट बनवायच्यात. माझं मी काम करणार," ती म्हणाली.

हे एवढंच म्हणाले, "आजपासून तुझं तू बघ."

"बघते," ती म्हणाली.

संपलं. खाण तशी माती. दोघांनी तोंडाला कुलूप लावलं आणि किल्ली कुठे टाकली देव जाणे. म्हणजे आम्ही देव मानत नाही, पण अशा वेळी तोंडात तेच येतं.

दिवसभर घरात मैत्री आणि मी. ती पलंगावर लॅपटॉप घेऊन, मी मशीनवर. दुकानांच्या, क्लासच्या, एका मंगल कार्यालयाच्या वेबसाइट ती करायची, पैसे जेमतेम. पण तिचा खरा जीव होता तिच्या स्वतःच्या वेबसाइटवर. मराठीतून वेबसाइट बनवायला शिकवणारे धडे लिहीत होती. एकूण बारा. जाहिरात नाही, नाव नोंदवा म्हणून मागे लागणं नाही, साधी पांढरी पानं आणि काळी अक्षरं. मला म्हणाली, "मम्मी, पूर्वी इंटरनेट असंच होतं. माझ्या जन्माच्या आसपास. ज्याला जे आवडतं त्याने त्याचं पान बनवायचं. कोणाचं पोस्टाच्या तिकिटांचं, कोणाचं नुसतं मांजरांचं. खाली आकडा असायचा, आतापर्यंत किती जण येऊन गेले त्याचा. पाहुण्यांसाठी वही असायची, आलेल्याने दोन ओळी लिहून जायचं. मग सगळे मोठ्या कंपन्यांच्या ॲपमध्ये राहायला गेले."

मी म्हटलं, "म्हणजे आपल्या काळेवाडीसारखं. बैठी घरं विकली आणि फ्लॅटमध्ये गेले. आता शेजारी कोण राहतं माहीत नाही."

"अगदी तसं," ती म्हणाली आणि ते वाक्य तिने तिसऱ्या धड्यात घातलं सुद्धा. माझं नाव न टाकता. मी तेही बोलून दाखवलं.

मलाही तिने शिकवलं. शिकवलं म्हणजे माझ्यावर प्रयोग केले, मला कळलं तर कोणालाही कळेल म्हणून. एक पान लिहायचं, मजकुराच्या आधी एक खूण, मजकुरानंतर एक खूण. सुरुवातीची खूण केली की शेवटची करायचीच. विसरलं की पुढचं सगळं पान बिघडतं, सगळी अक्षरं ठळक नाहीतर सगळी तिरकी. मी म्हटलं, बाई, हुक लावला की काज करावंच लागतं, त्यात काय शिकायचं. एका पानावरून दुसऱ्या पानावर जायला लिंक. ती पान कुठे आहे ते सांगते, आणि पत्ता चुकला तर माणूस भलतीकडे. बास, एवढ्यावर जग चाललंय म्हणे. मला उगाच इतकी वर्षं भीती वाटत होती.

तिच्याही पानाखाली आकडा होता, जुन्या पद्धतीचा. पाहुण्यांची वही पण होती. वही कोरी होती. आकडा मात्र रोज थोडा वाढायचा, आणि तो वाढला की पोरगी खुलायची. "मम्मी, कोणीतरी वाचतंय," म्हणायची. मला बरं वाटायचं. घरातलं माणूस बोलत नाही, निदान बाहेरचं कोणी वाचतंय.

मे महिन्यात एका मंगळवारी सकाळी ती कपाळाला आठ्या घालून बसली होती. मी विचारलं, काय झालं.

"रोबोट लागलाय," ती म्हणाली.

मला वाटलं किडा वगैरे. मग तिने सांगितलं की इंटरनेटवर माणसांइतकेच रोबोट फिरत असतात. हात-पाय नसलेले, नुसते प्रोग्राम. येतात, पानं चाळतात, मजकूर उचलून नेतात आणि दुसरीकडे स्वतःच्या नावाने लावतात. "हा फेब्रुवारीपासून येतोय. रोज एकदा. पहिल्या पानापासून बाराव्यापर्यंत ओळीने सगळी पानं उघडतो, एकही सोडत नाही, कशातच रेंगाळत नाही. तेच धडे रोज पुन्हा. माणूस असं करेल का? आणि वेळ बघ, आठवडाभर मिनिटाला मिनिट तीच. इतकं नियमित माणूस येत नाही, मम्मी. मशीनच आहे."

"मग हाकल त्याला," मी म्हटलं.

तो ज्या पत्त्यावरून यायचा तो पत्ता तिने बंद केला. म्हणजे तिथून कोणी आलं की धडे दिसणार नाहीत, त्याऐवजी एक पाटी दिसेल. पाटीवर काय लिहायचं ते आपल्या हातात. ती हसत म्हणाली, "सांग मम्मी, काय लिहू? रोबोट काय वाचणार आहे म्हणा."

आता दुपारी दारावर विकायला येणाऱ्यांना मी जे म्हणते ते सगळ्या गल्लीला पाठ आहे. मी तेच सांगितलं. "लिही, इथे तुमचं काही काम नाही. पुन्हा येऊ नका."

तिने तसंच्या तसं लिहिलं. दोघी हसलो. मी तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ते हसणं आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्याच आठवड्यात ह्यांचं काहीतरी बिनसलं. माझ्याशी तरी बोलायचे, तेही कमी झालं. हो, नाही, असू दे. डबा अर्धा परत यायला लागला. एकतीस वर्षं मी ह्यांचा डबा भरतेय, पहिल्या शिफ्टला पहाटे चारला उठून, आणि डबा कधी असा परत आला नव्हता. विचारलं तर म्हणाले भूक नाही. बातम्या लावायचे आणि बघायचे नाहीत. मी म्हटलं बी.पी. तपासून या, तर म्हणाले बी.पी. ओके आहे.

तिकडे मैत्रीने मला सांगितलं की ती मिनलबरोबर खोली घेतेय, वाकडला. मिनल तिची डिप्लोमातली मैत्रीण. "गुरुवारी सामान नेते," म्हणाली. "पप्पांना मी घरात नको आहे, मम्मी. आता तर मी आले की ते उठून गॅलरीत जातात. आधी निदान बसायचे तरी."

मी ह्यांना सांगितलं. वाटलं, आता तरी हा माणूस तोंड उघडेल, राहा म्हणेल. हे भिंतीकडे बघून म्हणाले, "जाऊ दे तिला. तिचं आपल्यापाशी काही काम उरलं नाही, आणि आपलंही तिथे काही काम नाही."

मला त्या वाक्यात काहीतरी ओळखीचं वाटलं, पण डोकं रागाने इतकं तापलं होतं की पुढे विचारच केला नाही. माझं घर डोळ्यांदेखत दोन जागी होत होतं. एक मुलगी, ती पण जाणार, आणि तीही लग्न होऊन नाही, बापाला नको झालीय असं समजून. त्या रात्री मी उशीत तोंड घालून रडले. कोणाला सांगणार, आपलेच दात आणि आपलेच ओठ.

बुधवारी दुपारी मैत्रीने बॅग काढली. कपडे भरता भरता मधेच लॅपटॉप उघडून बसली आणि बसूनच राहिली. मी जवळ गेले. तिचे डोळे भरलेले.

"मम्मी, आकडा बघ," ती म्हणाली. "आठवडाभर हललाच नाही. रोबोट बंद केला तर मागे कोणीच नाही. तोच एकटा येत होता. मी लिहिलं ते चार महिने फक्त एका मशीनने वाचलं."

इतकं वाईट वाटलं मला. तिच्या शेजारी बसले आणि काय बोलावं सुचेना म्हणून म्हटलं, दाखव तरी कोण तो मेला. तिने यादी उघडली. तारीख, वार, वेळ, कोणतं पान. एकाखाली एक. मी चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचत गेले, माप वाचते तशी.

आठवडाभर तीन वाजून आठ मिनिटं. तीन आठ, तीन नऊ, तीन आठ. मग पुढच्या आठवड्यात सकाळी सहा अडतीस. मग त्याच्या पुढच्या आठवड्यात रात्री अकरा अडतीस. मग पुन्हा तीन आठ. आणि आठवडा सोमवारी बदलत नव्हता. शुक्रवारी बदलत होता. गुरुवारी काहीच नाही. एकाही गुरुवारी नाही.

मी उठले आणि स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खिळ्यावरून काढून आणलं. ह्यांच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी आणि शुक्रवारी शिफ्ट बदलते, म्हणून त्यावर मी दर शुक्रवारी पेनने आकडा लिहिते, पहिली, दुसरी, तिसरी. लग्न झाल्यापासूनची सवय आहे, नाहीतर डबा कधी भरायचा ते कळत नाही. ते मी लॅपटॉपच्या बाजूला ठेवलं.

"पहिली शिफ्ट तीनला सुटते," मी म्हटलं. "तिसरी सकाळी साडेसहाला. दुसरी रात्री साडेअकराला. पंच करायचं, हात धुवायचे, लॉकरमधला फोन काढायचा. आठ मिनिटं लागतात."

ती माझ्याकडे बघायला लागली. "मम्मी, काहीतरीच काय. चाकणमध्ये हजार माणसं शिफ्ट करतात."

"मग ही तारीख बघ. चौदा एप्रिल. आलाय?"

ती बघून म्हणाली, "नाही."

"बुद्धपौर्णिमा?"

तिने बोट खाली नेलं. "नाही."

"चौदा एप्रिलला सुट्टी घेणारा रोबोट मी तरी पाहिला नाही. आता मार्चमधला तो दिवस काढ, देहूरोडला माझ्या बहिणीकडे साखरपुडा होता तो. ह्यांना चारला यायला सांगितलं होतं, आणि हे आले साडेआठला, ओव्हरटाइम लागला म्हणून. मी सगळ्या पाहुण्यांसमोर भांडले होते."

तिने ती तारीख काढली. वेळ होती संध्याकाळी सात वाजून आठ मिनिटं. पहिल्यापासून बाराव्यापर्यंत पानं, सगळी ओळीने.

मैत्रीने तोंडावर हात ठेवला. तो येतो त्या पत्त्याबद्दल मी तिला विचारलं, तर म्हणाली, तो नुसतं पुणे दाखवतो. कंपनीच्या कँटीनला फुकट वायफाय आहे हे तिलाही माहीत होतं, दोन वर्षं तिने ते वापरलं होतं. पण डोक्यातच आलं नाही. बाप वाचेल हेच जिथे डोक्यात नाही, तिथे पुढचं कुठून येणार.

मग ती एकदम सरळ बसली. "थांब," म्हणाली. "ज्यांना अडवलं त्यांची यादी वेगळी असते." तिने ती उघडली. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. मंगळवार, रात्री अकरा अडतीस. बुधवार, अकरा अडतीस. गुरुवार नाही. शुक्रवार, तीन आठ. शनिवार. रविवार. सोमवार. काल मंगळवार, तीन नऊ. सात ओळी. रोज एकदा आला होता माणूस. रोज ती पाटी वाचली होती, आणि दुसऱ्या दिवशी परत आला होता.

इथे तुमचं काही काम नाही. पुन्हा येऊ नका. माझ्या तोंडचं वाक्य. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

मैत्रीने पहिल्यांदा ती पाटी काढून टाकली. मग पहिल्या पानावर वरच काहीतरी लिहायला लागली. "पप्पा" एवढं लिहून झालं होतं. मी तिचा हात धरला.

"लिहू नको," मी म्हटलं. "एक पाटी लावली तेवढी पुरे झाली. आता तोंडाने बोल."

"तूच सांग ना, मम्मी. मला नाही जमणार."

"मी मेले तरी सांगणार नाही. आजवर तुमचे गॅसवाल्याचे निरोप सांगितले. हा माझ्याच्याने सांगवणार नाही."

घड्याळात पावणेतीन झाले होते. आम्ही दोघी लॅपटॉपसमोर बसून राहिलो. मी मनात म्हणत होते, आठवा दिवस आहे, माणूस किती वेळा अपमान करून घेईल, आज कशाला येईल. तीन वाजले. तीन पाच झाले. मैत्रीने माझा पदर मुठीत धरला होता, लहान असताना लसीच्या रांगेत धरायची तसा. तीन आठला काही नाही. तीन नऊला यादीत एक ओळ आली.

पहिलं पान.

मग बराच वेळ काही नाही. मिनिटभर असेल. तिकडे कँटीनच्या बाकावर हा माणूस फोनकडे बघत बसला असेल, पाटी नाही, धडा आहे, हे खरं का म्हणून. मग दुसरं पान आलं. तिसरं. चौथं. आम्ही एकेक ओळ येताना बघत होतो. सातवं. आठवं. नवव्यानंतर पहिलं पान पुन्हा आलं, आणि मग दहावं. "नवव्यानंतर पप्पा नेहमी मागे जातात," मैत्री म्हणाली, "मला वाटायचं प्रोग्राममध्येच गडबड आहे." बारावं आलं आणि यादी थांबली. पोरगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. मीही रडले, मला काय कमी कारण होतं.

कंपनीची बस पावणेपाचला काळेवाडी फाट्यावर येते. आम्ही सव्वाचारलाच जाऊन उभ्या. उन्हाने जीव जात होता. उसाच्या रसवाल्याने दोनदा विचारलं, ताई देऊ का, आणि मी दोनदा त्याच्यावर खेकसले.

हे बसमधून उतरले. आम्हाला बघून चेहराच उतरला. माझ्याकडे येऊन म्हणाले, "काय झालं? कोणाला काही झालं का?" एकतीस वर्षांत मी कधी बसस्टॉपवर गेले नव्हते.

मैत्री एक पाऊल पुढे आली. "पप्पा," ती म्हणाली. "वेबसाइटवर ती पाटी होती ना. ती तुमच्यासाठी नव्हती."

हे तिच्याकडे बघतच राहिले. मग सवयीने माझ्याकडे वळले. "नीला, तिला विचार, मग कोणासाठी होती?"

"ती समोर उभी आहे," मी म्हटलं. "तुमचं तुम्ही विचारा."

बस निघून गेली, धूळ उडाली. मग हे तिला म्हणाले, अगदी हळू आवाजात, "कोणासाठी होती?"

"रोबोटसाठी. मला वाटलं, मशीन येतंय. रोज त्याच वेळेला, सगळी पानं ओळीने. मला माहीत नव्हतं, पप्पा. शपथ."

ह्यांनी थोडा विचार केला. खरंच विचार केला, कपाळावर बोट ठेवून. "मग ओळीनेच तपासायचं असतं," म्हणाले. "मधूनच कुठलंतरी पान बघितलं तर त्याला तपासणी म्हणत नाहीत."

"रोज तपासत होता?"

"टीव्हीखाली तुझ्या कामाचं कार्ड होतं, त्यावर वेबसाइटचा पत्ता होता. म्हटलं, पोरीने पर्मनंट सोडून केलंय काय ते बघावं. चांगलं होतं. पण एकदा चांगलं असून चालत नाही, रोज चांगलं निघावं लागतं. म्हणून रोज."

"आणि ती पाटी वाचून?"

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "वाक्य हिचं होतं ते मी ओळखलं. वाटलं, दोघींनी मिळून ठरवलंय." मला त्या उन्हात थंडी वाजली. मी म्हटलं, अहो, माझं चुकलं. भर रस्त्यात म्हटलं. लग्नाला बत्तीस वर्षं होतील, पण हे वाक्य मी त्यांना कधी म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि त्यांनाही आठवत नसावं, कारण त्यांनी दचकून बघितलं.

"मग तरी रोज का येत होता?" मैत्रीने विचारलं.

ह्यांनी खांद्यावरची बॅग पुढे घेतली, डब्याखालून प्लास्टिकची फाइल काढली आणि तिच्या हातात दिली. आत कागद होते, कंपनीतल्या चेकशीटसारखे पट्टीने आखलेले. तारीख, शिफ्ट, पुढे एक ते बारा आकड्यांचे रकाने, शेवटी शेरा आणि सही. फेब्रुवारीपासून. रोजच्या ओळीत बारा बरोबरच्या खुणा, बारीक, एकसारख्या. फक्त मार्चच्या मध्यापासून नवव्या रकान्यात गोल केलेला होता आणि शेऱ्यात लिहिलं होतं, "धडा ९, शेवटची लिंक चुकीची. सांगणे बाकी." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दोन महिने, रोज, सांगणे बाकी, सांगणे बाकी.

मग सात ओळी अशा होत्या की बारा रकाने रिकामे आणि पुढे शेरा, "पान बंद. उद्या पुन्हा तपासणे."

सातही दिवस तेच. अक्षर थोडंही वाकडं झालेलं नव्हतं.

मैत्री वाचत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी कागदावर पडत होतं. ह्यांनी फाइल थोडी बाजूला सरकवली, शाई पसरू नये म्हणून. मग म्हणाले, "नवव्या धड्याची शेवटची लिंक दहाव्यावर जात नाही. पहिल्यावर येते."

"मग एवढे दिवस मम्मीकडे निरोप द्यायचा ना."

"टेक्निकल आहे. हिच्याकडे दिला असता तर काहीतरी भलतंच पोचलं असतं."

एरवी मी सोडलं नसतं. त्या दिवशी सोडलं.

"घरी चला," मैत्री नाक पुसत म्हणाली. "लॅपटॉपवर दाखवा, कुठे आहे ते."

"उद्या तू जाणार होतीस ना वाकडला?"

"उद्या ती लिंक दुरुस्त करायचीय," ती म्हणाली. "तुम्हाला सुट्टी आहे. तुम्ही तपासायला बसा."

ह्यांनी मान हलवली. फाइल तिच्या हातातून परत घेतली, रसवाल्याच्या गाड्यावर ठेवली आणि खिशातलं पेन काढलं. आजच्या ओळीतल्या खुणा बसमध्येच करून झाल्या होत्या, नवव्यावर गोल होता, शेऱ्याची जागा तेवढी कोरी होती. तिथे त्यांनी लिहिलं, "सांगितले," आणि खाली सही केली.